चौथीचा भागाकार आणि चौघांचा गट: वर्गात सहकारी अध्ययन कसं चालवायचं

६१२ भागिले ६. हे उदाहरण फळ्यावर लिहिलं की चौथीच्या वर्गात निम्म्या पाट्यांवर १२ येतं. सहा एके सहा, पुढच्या एकाला भाग जात नाही म्हणून दोन खाली घेतले, झाले बारा, सहा दुणे बारा, संपलं. मधलं शून्य कुणाला दिसतच नाही. मी ते शून्य लाल खडूने गोल करकरून दाखवलं. मुलं माना डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १२ लिहायची.

मग एकदा सतरंजीवर बसलेल्या एका गटात हे कानावर पडलं:

"बारा कसे गं? सहाशे बारा रुपये सहा जणांत वाटायचेत ना? शंभराच्या नोटा किती?"

"सहा."

"मग एकेकाला एक नोट दिली. शंभर तर झालेच प्रत्येकाकडे. तुझ्याकडे बाराच कसे राहिले?"

"... आणि दहाची?"

"एकच आहे. सहा जणांत काय फाडून देणार? कुणालाच नाही द्यायची. म्हणून तिथे शून्य लिही. आता तिची मोड आण."

"तिची मोड आण" हे मला कधी सुचलं नव्हतं. समजावणारी मुलगी वर्गात पहिली येणारी नव्हती. आदल्या आठवड्यापर्यंत तीही १२च लिहीत होती, त्यामुळे गाडी नेमकी कुठे अडते हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

अशी बोलणी वर्गात योगायोगाने नाही तर रोज, ठरवून व्हावीत, म्हणून मी जी पद्धत बसवली ती इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं चौथीच्या गणिताची आहेत. तिसरी ते पाचवीला ती फारसा फरक न करता चालते. पहिली-दुसरीला चौघांचे गट करू नका, जोड्याच ठेवा.

फोटोतला गट आणि खरा गट

जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या शैक्षणिक कार्यक्रमाचा शासन निर्णय आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या, शाळा पाहायला गाड्या भरून शिक्षक जाऊ लागले. फरश्या रंगल्या, मुलं गोलात बसली. त्यातून पुष्कळ चांगलं झालं, पण एक सवयही लागली: मुलं गोल करून बसली की गटकार्य झालं असं समजायची. केंद्रप्रमुखांच्या भेटीत आणि व्हॉट्सॲपवरच्या फोटोत तेवढं पुरतं. जवळ जाऊन पाहा. चौघांत एक जण लिहीत असतो, एक त्याच्या वहीत डोकावत असतो, एक खोडरबर कुरतडत असतो आणि चौथा खिडकीतून खिचडीचा वास कुठपर्यंत आलाय ते बघत असतो.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट स्लाव्हिन यांनी १९७० च्या दशकापासून सहकारी अध्ययनावर, म्हणजे मुलांनी गटात एकमेकांच्या मदतीने शिकण्यावर, काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की गटामुळे गुण वाढायचे तर दोन गोष्टी एकदम हव्यात. गटाला मिळून काहीतरी कमवायचं असलं पाहिजे, आणि ती कमाई प्रत्येकाने एकट्याने काय शिकलं यावर ठरली पाहिजे. एकच तक्ता चौघांनी मिळून रंगवला तर पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. मग हुशार मूल सगळं करून टाकतं. नुसती प्रत्येकाची परीक्षा घेतली तर दुसरी असते, पहिली नसते. मग शेजाऱ्याला समजावण्याचं कुणाला काही पडलेलं नसतं.

तिसरा मुद्दा कॅलिफोर्नियाच्या नोरीन वेब यांच्या संशोधनातून येतो, आणि शिक्षक म्हणून मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. गटात नुसतं उत्तर मिळालेल्या मुलाला फायदा होत नाही. कसं केलं हे उलगडून सांगणारं मूल मात्र शिकतं. ऐकणारंही शिकतं, पण ऐकल्यावर त्याने ते स्वतः करून पाहिलं तरच. पुढची सगळी मांडणी या तीन गोष्टी सांभाळण्यासाठी आहे.

पहिली पायरी: आधी मोजून घ्या

ज्या घटकावर काम करायचं त्याची दहा गुणांची छोटी चाचणी घ्या. वर्षाच्या सुरुवातीला होणाऱ्या पायाभूत चाचणीचे गुण चालतील असं वाटतं, पण त्यात सगळे घटक मिसळलेले असतात आणि भागाकाराचं दुखणं कळत नाही. मी दहा उदाहरणं अशी काढते: ८४÷४ आणि ९६÷३ सारखी दोन सोपी, ७५÷५ सारखी दोन, जिथे दशक मोडावा लागतो, ६१२÷६, ८२४÷८, ५३५÷५ अशी तीन, जिथे मधे शून्य येतं, ९१७÷९ सारखं एक, जिथे शून्यही येतं आणि बाकीही उरते, आणि दोन शाब्दिक, म्हणजे ३१८ लाडू ३ डब्यांत सारखे भरायचे वगैरे.

तपासताना गुणांच्या शेजारी चूक कुठली तेही लिहा. पाढा चुकला, शून्य गाळलं, बाकी भाजकापेक्षा मोठी ठेवली, उदाहरण वाचताच आलं नाही, असे चार-पाच शेरे पुरतात. पाढ्यात अडकलेलं मूल आणि शून्यात अडकलेलं मूल दोघांनाही दहापैकी पाचच पडतात, पण त्यांना लागणारी मदत अगदी वेगळी असते.

दुसरी पायरी: यादी मधोमध कापा

गट मुलांच्या मर्जीवर सोडू नका आणि हजेरीपटाच्या क्रमानेही करू नका. पहिल्याने मैत्रिणी एकत्र येतात, दुसऱ्याने काहीही होतं.

समजा वर्गात २४ मुलं आहेत. गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी करा आणि मधोमध कापून दोन तुकडे शेजारी ठेवा. समोरासमोर येतील १ आणि १३, २ आणि १४, असं करत १२ आणि २४. या झाल्या बारा जोड्या. आता पहिल्या जोडीला शेवटची जोडी जोडा: १, १३, १२, २४. दुसरीला शेवटून दुसरी: २, १४, ११, २३. असे सहा गट होतात आणि प्रत्येक गटाच्या क्रमांकांची बेरीज ५० येते. एकही गट भारी नाही, एकही हलका नाही.

मग सगळ्यात पुढच्या मुलाला सगळ्यात मागच्याशेजारी का बसवत नाही? सुरुवातीला मी तेच करत होते. होतं असं की पहिलं मूल शेवटच्याला शिकवण्यात गुंततं, मधली दोघं वाऱ्यावर सुटतात, आणि अंतर एवढं असतं की पहिल्याला शेवटच्याची अडचण कळतच नाही. "अरे सोप्पंय!" एवढंच तो म्हणत राहतो. जोडी लावून बसवलं की प्रत्येक जोडीत अंतर सारखंच, बारा क्रमांकांचं राहतं.

यादी जुळल्यावर डोकं वापरून दोन-तीन अदलाबदली करा. मुलगे-मुली मिसळले आहेत ना, दोन भांडकुदळ एकत्र आले नाहीत ना, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाजवळ तीच बोली येणारं कुणी आहे ना. पट २५ किंवा २६ असेल तर एक-दोन गट पाच जणांचे करा. तिघांचा गट टाळते, कारण एक गैरहजर राहिलं की जोडीच उरते. यादी मुलांना दाखवायची नाही. गट वाचून दाखवताना नावं उलटसुलट घ्या, नाहीतर मुलं दोन मिनिटांत क्रम ओळखतात.

आता जी गोष्ट बैठकीत कुणी काढत नाही तीही सांगते. काही गावांत गट जाहीर झाला की आडनाव ऐकून सतरंजीचं एक टोक हळूच सरकतं. काही बोललं जात नाही, नुसतं अंतर वाढतं. अशा वेळी समतेवर भाषण देऊन मला तरी काही साधलेलं नाही. साधलं ते एकमेकांवाचून अडेल असं काम दिल्याने. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्यानेच एका वर्गात बसवलं गेलं होतं आणि वर्गात तणाव होता. तेव्हा इलियट ॲरन्सन यांनी जिगसॉ पद्धत काढली: धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा, बाकीचं शेजाऱ्याकडूनच कळणार. ती पद्धत पुढे येतेच.

तिसरी पायरी: पहिले दहा दिवस गणित नको, गटात वागणं शिकवा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं कोसळतं. आणि नेमकी हीच गाळली जाते, कारण अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो.

आवाज: मी तीन आवाज ठरवलेत. मुंगीचा म्हणजे गप्प, चिमणीचा म्हणजे गटापुरता, कावळ्याचा म्हणजे मैदानावर. गटकामात चिमणी. थांबवायचं असेल तर मी टाळी वाजवत नाही, ओरडत नाही, हात वर करते. ज्याला दिसलं त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. हे रोज परिपाठानंतर पाच मिनिटं खेळासारखं घ्या. आठवड्याभरात दहा सेकंदांत वर्ग शांत होतो.

पेन्सिल: मदत करणाऱ्याने शेजाऱ्याची पेन्सिल हातात घ्यायची नाही. हा एक नियम बाकी सगळ्या नियमांच्या वरचा आहे. पेन्सिल गेली की विचारही गेला. मदत करणाऱ्याला फक्त तोंड वापरता येतं, बोट दाखवता येतं, चिंचोके किंवा खेळातल्या नोटा मांडता येतात.

विचारणं: चार वाक्यं कार्डशीटवर लिहून भिंतीला लावा. "तू इथे काय केलंस?" "असं का केलंस?" "मला परत सांग ना." "आता पुढचं तू कर, मी बघतो." पहिल्या आठवड्यात मी एका मुलीला घेऊन हे सगळ्यांसमोर करून दाखवते. मुद्दाम चुकीची मदतही करून दाखवते: "काय गं, एवढंही येत नाही? आण इकडे!" वर्ग खदखदून हसतो, कारण हे वाक्य कुठून येतं ते सगळ्यांना माहीत असतं. बरेचदा आमच्याकडूनच.

आधी तिघांना, मग बाईंना: गटातल्या तिघांनाही विचारून अडलं तरच माझ्याकडे यायचं, तेही चौघांनी हात वर करून. मी जाते आणि ज्याचा हात सगळ्यात नाराजीने वर आहे त्यालाच विचारते, "काय अडलंय?" त्याला सांगता आलं नाही तर "आधी याला प्रश्न समजावा" म्हणून पुढे जाते.

गटप्रमुख हे पद मी बंद केलं आहे. पुस्तकांत वाचक, लेखनिक, वेळरक्षक, तपासनीस अशा भूमिका सुचवलेल्या असतात. मोठ्या वर्गांत त्या शोभतात. चौथीत वेळरक्षक घड्याळाकडेच बघत बसतो आणि गटप्रमुख बारीकसा हेडमास्तर होतो. मोठ्या मुलाने धाकट्यांना घोकवून घेण्याची रीत आपल्याकडच्या जुन्या शाळांतही होती. मद्रासच्या अनाथाश्रमात मुलांकडून मुलांना शिकवण्याचा प्रयोग करून अँड्र्यू बेल यांनी १७९७ मध्ये तो इंग्लंडमध्ये छापला आणि तिकडे त्याची पद्धतच झाली. त्यात एक जण शिकवायचा आणि बाकीचे शिकायचे. मला समजावण्याची पाळी चौघांवरही यायला हवी आहे.

म्हणून प्रत्येकाला १ ते ४ असा फक्त नंबर देते, गुणांशी संबंध नसलेला. भूमिका रोज फिरते. आज दोन नंबर मोठ्याने वाचणार, तर उद्या तीन.

चौथी पायरी: आठवड्याचं चक्र

सोमवारी मी स्वतः शिकवते, पूर्ण वर्गाला, फळ्यावर. गटकार्य म्हणजे शिक्षकाने शिकवायचं नाही असा एक गैरसमज आहे. मुलांनी एकमेकांना समजावण्यासाठी आधी काहीतरी नीट समजलेलं लागतं. सोमवारची तासिका जितकी चांगली, मंगळवारची बडबड तितकी कामाची.

शिकवता शिकवता दर सात-आठ मिनिटांनी एक प्रश्न टाकते आणि 'एकटा, जोडी, सगळे' करून घेते. अर्धा मिनिट एकट्याने विचार, एक मिनिट शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गात सांगणं. मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांची ही जुनी युक्ती आहे. तिला तयारी लागत नाही. गटांचा खटाटोप ज्यांना आत्ता जमणार नाही त्यांनी वर्षभर एवढंच केलं तरी चालेल.

मंगळवार-बुधवार गटकाम. चौघांना कार्यपत्रिका दोनच द्यायच्या, जोडीला एक. चार दिल्या की चार मुलं चार बेटांसारखी बसतात. कागद कमी असला की डोकी जवळ येतात. पत्रिकेत सहा ते आठ उदाहरणं. जोडीत एकाने सोडवायचं आणि सोडवताना मोठ्याने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि पटलं नाही तिथे थांबवायचं. पुढच्या उदाहरणाला उलट. दोन उदाहरणं झाली की दोन्ही जोड्यांनी उत्तरं जुळवायची. जुळली नाहीत तर मज्जाच, तिथे थांबून भांडायचं.

उत्तरांची चिठ्ठी मी गटाकडेच उलटी ठेवते. हे पाहून आमच्या एका सहकाऱ्यांचे डोळे विस्फारले होते. पण गुरुवारी चाचणी एकट्याने द्यायची आहे हे मुलांना पक्कं माहीत असतं. नुसती पत्रिका भरून काही मिळत नाही. उत्तर आधी पाहिलं तरी "हे आलं कसं?" हा प्रश्न राहतोच.

तासिकेची शेवटची सात मिनिटं स्पेन्सर केगन यांच्या 'नंबर आणि डोकी' या खेळाची. प्रश्न विचारायचा, गटाने डोकी एकत्र करून उत्तर पक्कं करायचं. मग मी सापशिडीचा फासा टाकते. तीन पडला की सगळ्या गटांतले तीन नंबर उभे. पाच किंवा सहा पडला तर परत टाकायचा. उत्तराला गुण नाही, 'कसं' याला गुण. कुठला नंबर येणार ते माहीत नसल्याने प्रत्येक गट आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या मुलाची आधी तयारी करून घेतो. एरवी ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्याभोवती तिघं वाकून "सांग बरं परत" म्हणत असतात.

गुरुवारी चाचणी. सतरंज्या लांब, मुंगीचा आवाज, दहा गुण, वीस मिनिटं, कुणाची मदत नाही.

शुक्रवारी निकाल, आणि चुका सुधारणं.

पाचवी पायरी: सुधारणेचे गुण

गटाला मिळवलेल्या गुणांच्या बेरजेवर जिंकवलं तर कच्चं मूल गटाला ओझं वाटतं. "हा आमच्यात नको" हे वाक्य तिथूनच येतं. स्लाव्हिन यांनी यावर तोडगा काढला तो असा, की प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी करायची.

प्रत्येकाच्या मागच्या तीन चाचण्यांची सरासरी काढा, पूर्णांकात. ही त्याची 'माझी रेघ'. पहिल्यांदा पहिल्या पायरीतल्या चाचणीचेच गुण धरा. मग दर गुरुवारच्या चाचणीनंतर:

रेघेपेक्षा २ किंवा जास्त गुण, किंवा पैकीच्या पैकी: ३ तारे
रेघेइतके किंवा १ जास्त: २ तारे
रेघेपेक्षा १ कमी: १ तारा
त्याहून कमी: तारा नाही

मूळ कोष्टक शंभर गुणांच्या हिशेबाने आहे, त्यात ३०, २०, १० असे गुण मिळतात. चौथीच्या मुलांना मोजता यावं म्हणून मी शून्यं उडवली. (गणिताच्या तासाला शून्यं उडवणारी बाई! असो.)

एक उदाहरण पाहा. एका गटाच्या रेघा ९, ६, ५, २. चाचणीत मिळाले १०, ६, ७, ४. तारे ३, २, ३, ३ म्हणजे ११. दुसऱ्या गटाच्या रेघा ९, ८, ६, ४. मिळाले ९, ८, ६, ५. तारे २, २, २, २ म्हणजे ८. गुणांची बेरीज पाहिली तर पहिला गट २७ आणि दुसरा २८. बेरजेवर दुसरा जिंकला असता. ताऱ्यांवर पहिला जिंकतो, आणि त्यात दोनावरून चारावर गेलेल्या मुलाचे तीन तारे दहापैकी दहा मिळवणाऱ्याइतकेच मोलाचे ठरतात. ते मूल त्या दिवशी घरी कसं जातं ते एकदा बघा.

गटाचे तारे सरासरीने काढा, म्हणजे पाच जणांचा गट आणि गैरहजेरी दोन्हींचा प्रश्न सुटतो. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला काही घरं जातात, मुलंही जातात. गट तीनवर आला तरी गणित बिघडत नाही. मूल परत आलं की त्याला जुन्याच गटात घ्या. "आपला तीन नंबर आला!" या ओरड्यासाठी तरी.

बक्षीस काय द्यायचं? वही-पेन्सिल देऊ नका, त्याची सवय लागते आणि खिसाही आपलाच. जो गट सरासरी अडीच तारे गाठेल त्या प्रत्येक गटाचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर. सहाच्या सहा गट गाठू शकतात. एकच विजेता ठेवला की बाकीचे पाच गट पुढच्या आठवड्यात हात टाकतात.

दहा मिनिटं गटांना स्वतःकडे बघायला द्या. दोनच प्रश्न: "या आठवड्यात कुणाच्या सांगण्यामुळे तुला काय कळलं?" आणि "पुढच्या आठवड्यात काय वेगळं करायचं?" उत्तरं सुरुवातीला "सगळं छान झालं" अशी येतात. तिसऱ्या आठवड्यापासून "हा लवकर लवकर बोलतो" अशी खरी उत्तरं यायला लागतात. तीच वाक्यं मी आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदवहीत उतरवते. वर्षाअखेर वर्णनात्मक नोंदींसाठी डोकं खाजवावं लागत नाही.

गणिताशिवाय: किल्ल्यांचा जिगसॉ

भागाकारासारख्या घटकाला जिगसॉ चालत नाही, कारण त्यातल्या पायऱ्या एकमेकींवर उभ्या असतात. माहितीच्या धड्याला मात्र तो उत्तम. चौथीच्या परिसर अभ्यासात शिवाजी महाराज येतात, तेव्हा मी किल्ल्यांचे चार प्रकार घेते. एक नंबरला गिरिदुर्ग, रायगडाची चिठ्ठी. दोनला जलदुर्ग, सिंधुदुर्ग. तीनला भुईकोट, चाकण. चारला वनदुर्ग, वासोटा. प्रत्येक चिठ्ठीत आठ-दहा सोपी वाक्यं.

आधी सगळे एक नंबर एकत्र बसून रायगड वाचतात, तसेच बाकीचे आपापल्या किल्ल्याचे. पंधरा मिनिटांत त्यांनी आपला किल्ला पक्का करून, सांगायचं कसं ते ठरवायचं. मग आपापल्या गटात परतायचं आणि बाकी तिघांना सांगायचं. शेवटी चाचणी चारही किल्ल्यांवर, एकट्याने. ज्याला वाचायला अडतं त्याला चिठ्ठी आदल्या दिवशी घरी द्या, किंवा वाचता येणाऱ्याशेजारी बसवा. चिठ्ठी त्याच्या हातात असल्यावर सगळा गट त्याच्या तोंडाकडे बघत असतो. सरकलेली सतरंजी परत जागेवर आलेली मी पहिल्यांदा पाहिली ती वासोट्याच्या वेळी.

जिथे गाडी अडते

पहिल्या दोन आठवड्यांत गुण घसरू शकतात. माझ्या वर्गात घसरले होते. वेळ बडबडीत गेलाय असं वाटतं आणि जुन्या पद्धतीकडे पळावंसं वाटतं. चार गुरुवार होईपर्यंत निर्णय घेऊ नका.

एकच मूल सारखं बोलतं: प्रत्येकाला चार चिंचोके द्या. बोललं की एक मधे टाकायचा. संपले की बाकीच्यांचे संपेपर्यंत ऐकायचं. दोन दिवसांत कुणाचे चिंचोके हातातच राहतात तेही कळतं, आणि खरं तर ते कळण्यासाठीच हा खेळ.

हुशार मुलाच्या घरून तक्रार येते, "बाई, आमच्या पोराचा वेळ दुसऱ्यांना शिकवण्यातच जातो." अशा वडिलांशी मी वाद घालत नाही. मुलाला बोलावते आणि म्हणते, "पप्पांना समजावून सांग, मधे शून्य का येतं." तोंडपाठ केलेलं मूल इथे अडखळतं, समजावण्याची सवय असलेलं मूल चिंचोके मागतं. तरीही त्यांची शंका अगदीच खोटी नाही. पुढच्या मुलांसाठी पत्रिकेच्या शेवटी एक अवघड उदाहरण ठेवा, नाहीतर ती खरंच कंटाळतात.

वाचता न येणारं मूल: मिश्र गट हा सगळ्यावरचा इलाज नाही. अजून अक्षरांवर किंवा शब्दांवरच असलेलं मूल शाब्दिक उदाहरणाच्या गटात बसून वाचायला शिकत नाही, फक्त लपायला शिकतं. त्यासाठी दिवसातला एक तास वेगळा हवा, ज्यात इयत्ता न बघता अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळीप्रमाणे मुलं बसतील. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेने ही पातळीनुसार शिकवण्याची पद्धत देशभर रुजवली आहे. दोन्ही एकाच दिवशी चालू शकतात: सकाळी पातळीचा तास, दुपारी मिश्र गट. एकाची वेळ दुसऱ्याला देऊ नका.

द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र असते. तिथे चक्र एक दिवस सरकवा. चौथीचं गटकाम चालू असताना तिसरीला शिकवा, दुसऱ्या दिवशी उलट. मला ही पद्धत मुळात आवडली ती या कारणाने. एरवी "पाढे लिहा" सांगून ज्यांना गप्प बसवावं लागायचं, ती चौथी आता स्वतःच्या कामात असते.

सहा आठवड्यांनंतर

पहिल्या पायरीतली चाचणी तशीच, आकडे बदलून पुन्हा घ्या. ६१२÷६ ऐवजी ७१४÷७, ९१७÷९ ऐवजी ८१५÷८. वर्गाची सरासरी पाहून थांबू नका. यादीतली शेवटची सहा आणि पहिली सहा मुलं वेगळी काढा. शेवटची सहा वाढली पण पहिली सहा जागीच असतील तर उदाहरणं फार सोपी होती. पहिली वाढली आणि शेवटची तिथेच असतील तर पेन्सिलचा नियम सैल पडला आहे. दोन दिवस नुसतं मागे उभं राहून कोण कुणाच्या वहीत लिहितंय ते बघा. मग चुकांचे शेरे जुळवा. शून्याच्या चुका गेल्या आणि पाढ्यांच्या राहिल्या, तर सोमवारच्या तासिकेत काय घ्यायचं ते ठरलंच.

त्यानंतर नवी यादी, नवे गट. मुलं कुरकुरतात, दोन-चार तर रुसतात. मी त्यांना शेवटच्या शुक्रवारी जुन्या गटासोबत खिचडीला एकत्र बसू देते. सोमवारी यादी पुन्हा मधोमध कापायची.